वाल्मीकचा जाहीर सत्कार

गंगापूर रोड, नाशिक

ती. नानामामांना शेखरचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा वळू लागला असेल आणि मामींनी त्यावरून तुम्हाला बोलणे थांबवले असेल, असे धरून चालतो. (दोन्हीपैकी एकच होणार असेल, तर गुडघा बरा व्हावा.)

सरकारने मला सल्लागार केले, हे सटाण्यापर्यंत पोचले असेलच. तुरुंगातून सुटलेला माणूस पुन्हा गुन्ह्याकडे वळू नये म्हणून काय करावे, हे आमच्या समितीने सांगायचे. पहिल्याच बैठकीत आम्ही एकमताने सल्ला दिला, की अशा माणसाच्या मागच्या गोष्टींचा गाजावाजा होऊ देऊ नये. दुसऱ्या बैठकीत कोणी म्हणाले, चांगले उदाहरण लोकांपुढे यायला हवे. तेही एकमताने पटले. (वडे गरम होते.) वाल्मीक नावाचा एक जण मोटारसायकली चोरल्याची शिक्षा भोगून आला होता. वर्षभर कलाबाईंच्या फुलांच्या दुकानात होता, लग्नघरी जाऊन सजावट करायचा. कलाबाईंना सगळे ठाऊक होते, गिऱ्हाइकांना नव्हते. त्याला बोलावून शाल, नारळ आणि गुलदस्ता दिला. (गुलदस्ता सकाळी त्यानेच बांधला होता, ऑर्डर कलाबाईंकडेच गेली होती.)

आता नाशकात सत्कार झाला आणि फ्लेक्स लागला नाही, असे कधी होते का? चौकात लागला. ‘शिक्षा पूर्ण करून सन्मार्गाला लागल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, मध्ये वाल्मीक, भोवती हात जोडून आम्ही सगळे. दुसऱ्या दिवशी तो घरी आला. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, “साहेब, फोटो लय भारी आलाय. पण तेवढा उतरवता का?”

फ्लेक्स लावायला बैठक लागली नव्हती, उतरवायला लागली. तोवर लग्नघरची माणसे कलाबाईंना सांगू लागली, फुले पाठवा, तो नको. खोलीमालकाने खोली सोडायला सांगितली. कलाबाई बिचाऱ्या रडल्या, पण दुकान चालायला हवे. समितीने या घटनेची गंभीर दखल घेतली आहे. वाल्मीकला मात्र काम कोणी दिलेले नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा,
शेखर

ता. क. तुमच्या कांद्याच्या खळ्यावर निवडायला, गोण्या भरायला माणूस मिळत नाही, असे मागे म्हणाला होतात. राहायला मागची खोलीही रिकामी आहे.

पुन्हा ता. क. पत्र घेऊन आलेला माणूस म्हणजेच वाल्मीक. तुम्ही हे वाचत असताना तो तुमच्या तोंडाकडे बघत असेल. तेव्हा मामा, जरा जपून वाचा.