बशी तेवढी मागितलीस

प्रिय नेमत,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण पत्राला सुरुवात तर करायला हवी. तुझा निरोप मिळाला. बाबांना जाऊन वर्ष होतंय, म्हणून खुजंदच्या सभागृहात तू त्यांच्या आठवणीत गाणार आहेस. माईक-स्पीकर मी सांभाळायचे, आणि येताना बाबांची चिनी मातीची बशी आणायची, औज, गाण्यातला तो सगळ्यात उंच टप्पा, गाताना तुला ती हातात हवी आहे. निरोप घेऊन आलेल्या माणसाला आईने चहा दिला, ताजा नान मोडून पुढे ठेवला. मी घरातच होते, पण बाहेर आले नाही.

आई बरी आहे. तुतीला पानं फुटलीत. त्या बशीत ती हल्ली खडीसाखर ठेवते. मधलं रंगवलेलं कापसाचं निळं फूल अजून तसंच आहे, फक्त बाबांची बोटं जिथे टेकायची तिथली सोनेरी कड पार उडालीय. तू इस्फाराहून जर्दाळूंची पिशवी घेऊन शिकायला आलास तेव्हा बाबांनी पहिल्यांदा तीच बशी तुझ्या हातात दिली होती. तू ती तोंडासमोर धरलीस आणि ते ओरडले, "अरे गाढवा, शोरबा पितोस का? गालाशी धर, तिरकी. आवाज तुलाही ऐकू आला पाहिजे आणि शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही." मी खिडकीत बसून हसले होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि लाजलास. तेव्हा तू मला फार आवडला होतास, आता लपवून काय करू?

मग तो सहा वर्षांपूर्वीच्या वसंतातला नवरोजचा जलसा, त्याच सभागृहातला. तू दुशान्बेला राहायला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, तिथून तू नवा कंडेन्सर माईक आणलास, मखमली डबीत, उस्तादांना भेट म्हणून. मी हरखले होते. तसा माईक मी आधी कधी हाताळला नव्हता. दुपारी चॅनल बंद ठेवून मी त्याची वीज चालू केली, जरा थांबले, मग हळूच आवाज उघडला. बाबांना स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून त्यांच्यासमोर ठेवायचा स्पीकर माईकच्या बरोबर पाठीमागे ठेवला, कारण त्या बाजूने त्याला जवळजवळ काही ऐकू येत नाही. बाबा त्याच्यासमोर नुसते खाकरले तर ते थेट बाल्कनीत ऐकू आलं. "याच्यापुढे घरातली भांडणं करू नका रे," असं म्हणून त्यांनी सगळ्यांना हसवलं. तालमीत त्यांनी औज गायलं नाही. कधीच गात नसत. "ते लोकांसाठी, खुर्च्यांसाठी नाही," म्हणायचे. त्यामुळे बशी रेशमी पिशवीतच राहिली. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

लोक येऊन बसले तेव्हा तू माझ्या टेबलाजवळ आलास. "सनोबर, उस्तादांना आताशा कमी ऐकू येतं. समोरचा स्पीकर वाढव, अजून वाढव." मी वाढवला. बाबा औजाला चढले, बशी गालाशी नेली, आणि सभागृह कर्कश शिट्टीने भरून गेलं. लोकांनी कान झाकले. मी आवाज खाली ओढेपर्यंत बाबा थांबले होते, बशी मांडीवर ठेवून. तू उठलास, रिकाम्या हाताने माईकसमोर बसलास आणि तेच औज पूर्ण केलंस. टाळ्या किती वेळ चालल्या होत्या! 'उस्तादाची लाज राखणारा शिष्य' हे बिरुद तुला त्याच दिवशी चिकटलं.

बाबांनी सगळ्यांना सांगितलं, "घसा बसला माझा, वय झालं." माझं नाव येऊ नये म्हणून. त्यानंतर ते कुठेच गायले नाहीत. आठवड्याभरात मला दोष सापडला. स्पीकरचा आवाज बशीवर आपटून माईकच्या तोंडात जात होता. मला वाटलं, हे आधी मला सुचायला हवं होतं. बाबांचं गाणं मी संपवलं, असं समजून मी सहा वर्षं जगले. तुझ्याशी लग्नाला नाही म्हटलं तेही त्याच शरमेपायी. तू म्हणालास, "वेडी, तुझा काय दोष?" आणि दुशान्बेला परत निघून गेलास.

गेल्या आठवड्यात टीव्हीवर तुझी मुलाखत लागली होती. बशी का धरत नाही, असं विचारल्यावर तू हसत म्हणालास, "कंडेन्सर माईक आणि बशी म्हणजे दोन सवती! दुशान्बेला गेलो त्या पहिल्याच हिवाळ्यात मी एकदा तशा माईकपुढे धरली होती. अशी किंचाळली, की तौबा!" नेमत, तो हिवाळा आमच्या नवरोजच्या आधीचा. तुला माहीत होतं. एक वाक्य बोलला असतास तर पुरलं असतं. त्याऐवजी 'अजून वाढव' म्हणालास. आई आतून विचारत होती की का रडतेस. मी सांगितलं, कांदा चिरतेय.

म्हणून हे पत्र. मी येणार. बशी आणणार. समोरचा स्पीकर काढून टाकला की बशी किंचाळत नाही, काल दुपारभर बसून मी ते करून पाहिलं. तुझं गाणं मी बिघडवणार नाही, कारण औज बाबांचं आहे. पण बशी तुला आत, पडद्यामागे मिळणार नाही. मंचावर, लोकांसमोर, चालू माईकपुढे मी ती तुझ्या हातात देईन. तो माईक कुजबुजही सोडत नाही हे तुला माहीत आहे. त्या नवरोजला काय घडलं ते तेव्हा तुझ्या तोंडाने सांग. तू गप्प राहिलास तर मी सांगेन. आई पहिल्या रांगेत असेल.

एके काळी तुझीच असलेली,
सनोबर