श्वासाच्या खुणा

रविवार, संध्याकाळ

डोकं फिरून राहिलं आहे माझं. आमच्या क्रूमध्ये ठरलेलंच आहे: मी रॅप करताना दर ओळीचा शेवटचा शब्द सोनूने मागून म्हणायचा, म्हणजे तेवढ्यात मला श्वास घेता येतो. आज बड्या फुहाऱ्याच्या चौकातल्या कार्यक्रमात माझं मराठी व्हर्स, म्हणजे माझं कडवं, सुरू झालं आणि हा चूप! मला धाप लागली, ओळ मध्येच तुटली, लोक हसले.

खाली उतरताच मी ओरडलो, "काहून बे, माईक शोभेला धरला होता का?"

"यार, तूने शब्द ही बदल दिए," म्हणाला. हातात एक घडी केलेला कागद दिला आणि गेला.

हो, बदलले. काल घरी, एकट्यानेच. सांगायचं राहिलं. पण म्हणून काय, जुनेच म्हणायचे होते ना!

तो कागद समोर आहे. सोनूला मराठी येत नाही. तरी जुनं अख्खं व्हर्स त्याच्या अक्षरात, खाली हिंदीत अर्थ, आणि मी श्वास घेतो तिथे तिथे पेन्सिलीची खूण.

त्याच्या व्हर्सला मागून मी असतो. तो श्वास कुठे घेतो? केव्हाचा आठवून राहिलो आहे.