मार्मोसेट, धनेश आणि व्याह्यांची पाटी

बाई, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि तुमची आठवण यावी कुठं, तर शिरवळजवळ हायवेवरच्या हॉटेलात. हॉटेल माझ्या व्याह्यांचं. मागच्या अंगाला त्यांनी दोन पिंजरे केलेत. एकात ब्राझीलचं मार्मोसेट, कानांवर पांढरे झुबके असलेलं मूठभर माकड. दुसऱ्यात आपल्या कोयनेच्या रानातला धनेश. गिऱ्हाइकं माकडाला वेफर्स देतात, धनेशाला भज्यांचा चुरा. माकडानं स्वतःची शेपटी चावून सोललीय. जाळीवर आपटून धनेशाची चोच चिरलीय. खाली मुताची घाण, आणि हातभर अंतरावर लोक मिसळ खातायत. मला शिसारी आली. व्याही मात्र खुशीत होते. मी शास्त्राचा शिक्षक, तेव्हा दोघांतला फरक दोन रकान्यांत लिहून द्यावा, पाटी करून लावू, असं त्यांचं म्हणणं.

रहिमतपूरच्या शाळेत बेडूक आणि सरड्यातला फरक मी गाइडातून उतरवला होता. तुम्ही वही मिटलीत. "बघितलायस का कधी? मग लिवलंस कसं?" एवढंच बोललात, आणि शाळा सुटल्यावर मला पाटाच्या कडेला नेऊन बसवलंत. आधी दोघांत सारखं काय ते शोध, म्हणालात. मी तसंच शोधतो अजून. मार्मोसेटचा बाप पिल्लं पाठीवर घेऊन हिंडतो. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तेव्हा नर दिवसभर उंबरं आणून तिला नि पिल्लांना भरवतो. दोघंही लेकरांसाठी राबणारे. इथं दोघंही एकेकटे.

धनेश पाळणं गुन्हा आहे, असं मी व्याह्यांना हळूच सांगितलं. ते हसले. "आवं, तुमची लेक आमच्यातच नांदतीया न्हवं? मग हे तुमचंच घर की."

त्या हसण्याची मला किळस आली. त्याहून जास्त माझी, कारण मीही हसलो. वनखात्याला फोन केला नाही. लेकीच्या लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही. दोन रकाने लिहून दिले, वर मथळा, 'नैसर्गिक वातावरणात आनंदाने राहणारे आमचे पाहुणे'. तुम्ही वाचणार नाही, म्हणूनच हे लिहायचं धाडस झालं. आणि एक राहिलं, बाई. पाटीखाली नाव घालू का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा पुढं बी.एस्सी., बी.एड. पण घाला, हे मीच सांगितलं.