दुपारची कोडी कोण ऐकतं?

माय, माझा रेडिओवरचा दुपारचा कार्यक्रम बंद करायचं ठरत आलं होतं, आणि त्यापायी मी तुझ्या पैठणला जाऊन आले. हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. तू गेलीस तेव्हा मी या कामात आलेही नव्हते. तुझ्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, आमचं एक छोटं रेडिओ केंद्र आहे. तिथं मी रोज दुपारी कोडी घालते. कोडं सांगायचं, जरा थांबायचं, मग उत्तर द्यायचं आणि मधेमधे जुनी गाणी लावायची. ऐकणाऱ्यांनी उत्तर मोबाइलवर पाठवावं अशी विनंती करते. आमचा नवा कार्यक्रमप्रमुख माझ्या धाकट्यापेक्षाही लहान आहे, पण पोरगा गुणी. त्यानं मला बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला, तेव्हाच मी काय ते ओळखलं. फर्माइशी गाण्यांना मेसेजचा पाऊस पडतो आणि माझ्या कोड्यांना उत्तर येतं ते क्वचित, तेही बहुतेक त्याच दोघातिघांचं. त्याअर्थी ताई, हे कुणी ऐकत नाही, असं तो अगदी हळू आवाजात म्हणाला. त्या वेळेला गाणी लावायचं वर ठरत आलं होतं.

मला राग आला आणि रागात मी तुलाच पुढं केलं. माझी आई रोज कोडी ऐकायची आणि तिनं जन्मात एक पोस्टकार्ड टाकलं नाही, असं मी त्याला ऐकवलं. डोळ्यासमोर तू होतीस. तू मागावर बसली आहेस, दोन्ही हात रेशमात, रेडिओ वर खुंटीला टांगलेला. त्यातला माणूस कोडं घालतो आणि तू मान वर न करता मोठ्यानं उत्तर देतेस. तो ‘बरोबर’ म्हणाला की शाबासकी तुला मिळाल्यासारखी खुशीत धोटा फेकतेस, आणि तुझं चुकलं तर त्यालाच येडा ठरवतेस. एकदा मी शाळेतून आले आणि हसत सुटले, अगं त्याला काय ऐकू जातंय का? तू माझ्याकडं असं बघितलंस की दप्तर खाली ठेवायचं विसरले. “त्याला ऐकू जात नाय, ते मला बी माहीत हाय,” तू म्हणालीस. “पण कुणी इचारलं तर उत्तर द्यावं माणसानं.”

पोरानं सगळं ऐकून घेतलं. तुमची आई ऐकत होती हे कबूल, पण आज कोण ऐकतंय ते त्यावरून कसं कळणार, असं त्यानं विचारलं. खरं सांगते, मेसेज येत नाहीत म्हणून ऐकणारे नाहीत, हे जेवढं कच्चं, तेवढंच माझंही कच्चं. मग कार्यक्रमाच्या वेळेलाच पैठणला जाऊन बघू, असं ठरलं. माझा भाग आधी रेकॉर्ड करून ठेवला आणि आम्ही त्याच्या गाडीनं निघालो.

वाटेत बिडकीनला पहिली फजिती झाली. चहाच्या टपरीवर मी स्वतःच विचारलं, कोड्यांचा कार्यक्रम ऐकता का? आवाज ओळखून टपरीवाला हात जोडून म्हणाला, रोज ऐकतो की मॅडम. मी पोराकडं ऐटीत बघितलं. त्यानं टपरीवाल्याला सहज विचारलं, किती वाजता लागतो हो? तो बिचारा म्हणाला, “सकाळच्याला.” परत गाडीत बसल्यावर पोरगा म्हणाला, तुम्ही समोर असताना नाही कोण म्हणेल? पैठणमध्ये तोंड उघडायचं नाही, असं त्यानं मला बजावलं. मला गप्प बसवणं तुलाही कधी जमलं नव्हतं, पण त्यानं करून दाखवलं.

पैठणीच्या पहिल्या कारखान्यात मोबाइलवर मालिका चालू होती. दुसऱ्यात नुसती गाणी, तीही आमची नव्हेत. माझा चेहरा उतरला. तिसऱ्यात पाऊल टाकलं आणि वर टांगलेल्या रेडिओतून माझाच आवाज आला: “दारात उभी, रोज पाणी पिते, पण कधी घरात येत नाही. सांगा कोण?” चार मागांवर चार बाया, कुणाचीही मान वर नाही. कोपऱ्यातली म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, “म्हैस!” दुसरी म्हणाली, तुळस. यावर दोघींची चांगलीच जुंपली. रेडिओतल्या मी तुळस सांगितली, तर म्हातारी म्हणते, “ह्या बाईनं कधी म्हैस पाळली नाय, दुसरं काय.” आम्ही साड्या बघायचं सोंग करत उभे होतो. पोरगा तोंडावर हात धरून हसत होता आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती. हसूनच लागली होती, निदान सुरुवातीला तरी. मग त्यानं बायांना विचारलं, उत्तर मोबाइलवर का नाही कळवत? म्हातारीनं त्याला रेशमात गुंतलेले हात दाखवले. “आन् कळवायचं कशाला? सांगितलं की आत्ता.”

परतताना त्यानं हिशेब माझ्यासमोर मांडला. तीनपैकी एका ठिकाणी ऐकतात, एवढंच दिसलं, यावरून गावंच्या गावं ऐकतात असं म्हणता यायचं नाही. पण कुणीच ऐकत नाही, हे मात्र खोटं ठरलं. करमाडकडं, शेंद्र्याकडं असंच फिरून बघेपर्यंत कार्यक्रम चालू ठेवायचा, असं त्यानं वर कळवलंय. मला पटलं. पुढच्या फेरीला मला नेणार नाही म्हणतो, तेही पटलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा माझ्याजवळच राहील. एक गोष्ट मी त्या पोराला सांगितली नाही, आणि तो पुरावा धरला जायचा नाही हेही मला कळतं. मला कार्यक्रम हवा होता तो ऐकणाऱ्यांसाठी नव्हे, माय. कोडं घातलं की मी तुलाच विचारत असते.