ग्रहणात चिरलेली काकडी

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी अजून तुझ्याशी मोठमोठ्यानं भांडते. पंच्याण्णव सालच्या दिवाळीतलं ते ग्रहण. मला पाचवा महिना, पेणला तुझ्याकडे आलेली. उजाडल्यापासून तू मला आतल्या खोलीत बसवलंस. खायचं नाही, शिवायचं नाही, चिरायचं नाही, आडवंसुद्धा व्हायचं नाही! मी धाटावला कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करणारी, केमिस्ट्रीची पदवीधर, आणि पोटात भुकेनं आग पडलेली. शेवटी उठले, विळी ओढली, काकडी चिरून मीठ लावून खाल्ली. तू दारात उभी. "ह्या काय केलंस गो?" एवढंच म्हणालीस. मी तुला सूर्य, चंद्र, सावली असं सगळं समजावत बसले, जशी काही तू शाळेतली पोर. तू ऐकून घेतलंस आणि विळी उचलून फळीवर ठेवलीस.

मार्चमध्ये मुलगी झाली, वरचा ओठ दुभंगलेला. नर्सनं दाखवली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर काकडी. पदवी नंतर आठवली. डॉक्टरांनी नीट सांगितलं, की ओठ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच घडतो, ग्रहणाच्या कितीतरी आधी. ऑपरेशननं बरा होईल. तूही तिथंच मान हलवत होतीस. आणि तिसऱ्या दिवशी माझ्या सासरच्या गावाहून, अष्टमीहून, सासूबाई आल्या, बाळाचं तोंड बघून खाटेशीच थबकल्या. "ग्रहणात काय चिरलंस गो?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "तिनं काय नाय केला. मीच इसरले ग्रहान. मीच तिला काकडी चिरायला लावली." त्या तुला वाट्टेल ते बोलल्या. मी दुपट्याची घडी घालत राहिले. बारसं त्यांनी अष्टमीला करून घेतलं, तुला पाळण्याला हात लावू दिला नाही. आपल्या नातीच्या बारशाला तू ओटीवर बायकांना चहा देत फिरत होतीस.

नंतर तुला एकटीला गाठून मी केवढी ओरडले! "कुणाचीच चूक नव्हती, मग तू का अंगावर घेतलीस? आता सगळ्यांना वाटतंय काकडीनंच झालं!" तू भांडी विसळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "व्हय, तू शिकलेली. तुला त्यातला काय लागत नाय ना? मंग मी घेतला तर तुझा काय जातंय?" त्या प्रश्नाशीच मी अजून भांडतेय, आणि म्हणूनच चिडचिड होते. 'तुला सांगितलेलं' असं तू शेवटपर्यंत एकदाही म्हणाली नाहीस. म्हणायचंस गं, धड भांडता तरी आलं असतं.

लेकीचा ओठ छान जुळला. काल ती हसत म्हणाली, "आई, आज्जीनं खरंच तुला ग्रहणात काकडी चिरायला लावलेली?" अष्टमीच्या घरात अजून तसंच सांगतात. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आलीय. चिरली मीच, आणि त्यानं काही झालं नाही, एवढंच तर सांगायचं होतं. मी "हो" म्हणाले आणि भात उतरवायला आत गेले. हे सगळं लिहिलेला हा कागद तुला मिळणार नाही, ते ठीकच. पण मी तो तिलाही देणार नाहीये.