सात नंबरला नुसतं तेल

मंगळवार, संध्याकाळ. इंदिरानगर.

आज बाबांनी विचारलंच. "तुझ्या उंदरांचंही माझ्यासारखंच काढून टाकतात ना गं?" प्रोस्टेटच्या कॅन्सरमुळे त्यांची वृषणं काढली, त्याला महिना झाला. घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही. मी नुसतं हो म्हटलं.

लॅबमध्ये अशाच उंदरांना मी टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात बनणारी द्रव्यं तिळाच्या तेलात मिसळून टोचते. मेंदूखालची ग्रंथी वृषणांना हाक घालते, ती त्यानं शांत होते का, ते बघायचं. सात नंबरला तुलनेसाठी नुसतं तेल. आज दुपारी रिपोर्ट आले. बाकीचे बरेच शांत झालेत. सात नंबरच्या रक्तात ते हाकेचं हार्मोन चढतंच चाललंय. पलीकडे कुणी नाही, तरी हाका चालूच.

"मग त्यांना कळतं का, आपलं काय गेलं ते?"

"छे हो बाबा. जनावरांना काय कळतंय!" किती पटकन बोलले मी. का?

बाबांनी माझा हात हातात घेतला. "तिळाच्या तेलाचा वास येतोय." दोनदा धुतले होते हात.

मग म्हणाले, "सुटले बिचारे." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.