कुरुंद्याची मोजणी, चहा दहा कप

वसमत, ९ जानेवारी

तीर्थस्वरूप ताराआत्यास,

जान्हवीचा उभ्यानेच नमस्कार. वाकून करायचा होता, पण मोजणीचं यंत्र दिवसभर खांद्यावर वाहून कंबर धरली आहे, त्यामुळे राहिलेला नमस्कार प्रत्यक्ष भेटीत करीन. तुमच्या गुडघ्याला त्या नव्या तेलाचा गुण आला का? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलंय आणि तुम्ही गच्चीवर पापड घालताय, असं बाबांकडून कळलं. पापड पाठवा, पण जिना चढू नका. (दोन्ही कसं जमेल ते तुम्ही बघा.)

मी इथे भूकरमापक म्हणून रुजू झाल्यापासून तुम्ही चारदा विचारलंत, की पोरीची जात शेताशेतातून हिंडून नेमकं करते काय. म्हणून कालची कुरुंद्याची हकीकत सविस्तर लिहिते. तिथले तातेराव म्हणून एक हळदवाले शेतकरी आहेत. शेजारच्या बालाजीने बांध सरकवून आपले पाच गुंठे खाल्ले, अशी त्यांची अकरा वर्षांची तक्रार. या अकरा वर्षांत दोन्ही घरांनी एकमेकांच्या लग्नात पाऊल टाकलेलं नाही. शेवटी तातेरावांनी मोजणीचा अर्ज केला आणि तो माझ्या वाट्याला आला. मी सकाळी नऊला पोचले तेव्हा बांधाच्या अल्याड तातेराव आणि पल्याड बालाजी, दोघंही इस्त्रीचे कपडे घालून, फोटोला उभं राहावं तसे उभे होते. तातेरावांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "म्याडम, साहेब मागून येऊन राहिलेत का?" मी म्हटलं, साहेब मीच. यावर त्यांनी दुःख गिळलं आणि चहा मागवला.

हा चहा पुढे महागात पडला. सरकारी माणसाने एका पक्षाचा चहा घेतला, तर दुसरा पक्ष म्हणतो, झालं, फितली. दोघांचा नाकारला, तर दोघंही म्हणतात, हिला माणुसकी न्हाई. म्हणून मी तातेरावांकडचा एक घेतला की बालाजीकडचा एक घेत होते. दुपारी बारापर्यंत असे दहा कप झाले. (बालाजीकडे आलं जास्त घालतात. हे मी अहवालात लिहिलेलं नाही.)

यंत्र म्हणजे काठीच्या टोकाला बसवलेला एक पांढरा डबा. तो आभाळातल्या उपग्रहांना विचारून आपण कुठे उभे आहोत ते सांगतो. हे समजावल्यावर तातेराव बराच वेळ वर बघत राहिले आणि मग हळूच म्हणाले, बालाजीचा भाचा नांदेडला मोबाईलच्या दुकानात आहे, त्याने वर काही सांगून ठेवलं नसेल ना? मी म्हटलं, उपग्रहापर्यंत कोणाचा भाचा पोचत नाही. त्यांना पटलं नाही. पुढची अडचण लिंबाच्या झाडाची. ते बरोब्बर बांधावर आहे आणि त्याच्या खाली यंत्राला आभाळ दिसत नाही. अकरा वर्षं दोघं त्या लिंबावर हक्क सांगत होते. मी सहज म्हणाले, झाड मधे येतंय, कोणाचं आहे? तर तातेराव म्हणाले बालाजीचं, आणि बालाजी म्हणाला, "आमचं काहून? तुमच्याच आज्यानं लावलं व्हतं की!" मी झाड तोडणार आणि खर्च मालकाच्या माथी मारणार, असा दोघांचाही समज झाला होता. ते मोजणीत बसवायचं कसं, या खटपटीत माझा अर्धा तास गेला.

नकाशा आहे निजामाच्या काळातला, आणि त्यात उत्तरेच्या कोपऱ्यावर फुली कोरलेला हद्दीचा दगड दाखवला आहे. तो दगड जागेवर नव्हता. "तो ह्याच्याच बापानं उपटला," असं तातेराव मोठ्याने म्हणाले. बालाजी खाली बघत राहिला. मी तीनदा फेरी मारली, हळदीचा वाळलेला पाला बाजूला करकरून पाहिलं, काही नाही. तेवढ्यात दहा कपांनी आपलं म्हणणं मांडलं. बाईमाणसाने उघड्या शेतात काय करायचं याची सोय कुठल्याही सरकारी परिपत्रकात नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी गुमान तातेरावांच्या आखाड्यावरच्या, म्हणजे शेतातल्याच, घराकडे निघाले. त्यांच्या बायकोने, पार्वतीबाईंनी, काही न विचारता मागच्या बाजूला बोट दाखवलं. फार समजूतदार बाई.

हात धुवायला विहिरीपाशी आले, तर पार्वतीबाई धुणं धूत बसल्या होत्या. त्यांनी धोतर पिळायला उचललं आणि खालच्या दगडावर मला फुली दिसली. चांगली बोटभर खोल, कोरीव. मी विचारलं, हा दगड कुठला? त्या कौतुकाने म्हणाल्या, "माह्या लग्नाच्या वर्षी मामंजींनी आणून देला. लई गुणाचा हाय. एवढ्या वर्षांत साधा टवका न्हाई गेला." मग माझ्या तोंडाकडे बघून त्या थांबल्या. हातातलं धोतर तसंच राहिलं.

आत्या, खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं आपण काही पाहिलंच नाही असं करावं. पण मोजणी काही दगडावर अडून नव्हती. बाकीच्या खुणांवरून आकडे येतच होते, आणि ते आले. खरी हद्द तातेरावांच्या हळदीतून जात होती. सव्वाशे मीटर लांब, जेमतेम तीन मीटर रुंद अशी पट्टी, साडेतीन गुंठ्यांच्या आसपास. ती बालाजीची. मी खुणा रोवल्या तसे तातेराव एकेका खुणेपाशी चालत गेले आणि मग हळदीतच मटकन बसले. मला वाटलं ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "बाप म्हणायचा, इथवर आपलंच हाय." सही करायला मात्र तयार होईनात, यंत्र पुन्हा लावा म्हणाले. तेव्हा पार्वतीबाई ओल्या हातांनी तिथवर आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दगड आपल्या हिरीवर हाय. सही करा."

त्यांनी सही केली. मी बालाजीकडे पाहिलं. अकरा वर्षं चोर म्हणवून घेतलेला माणूस आता काय बोलेल याची मला धास्ती होती. त्याने एका खुणेपाशी वाकून हळदीचा पाला बाजूला केला. मग म्हणाला, पट्टीतली हळद तुमची तुम्ही काढून घ्या, मग बांध घालू. आणि दगड जागेवर न्यायचाच, तर वहिनी धुणं कशावर धुतील? तासाभरात त्याने ट्रॅक्टरमधून आपल्या घरची एक फरशी आणून विहिरीपाशी उतरवली. तातेराव ती उतरवायला हात लावायला गेले. दोघांत बोलणं झालं ते "जरा इकडं," "जरा तिकडं," एवढंच.

बाकी सर्व ठीक. बाबांना पुढच्या आठवड्यात घेऊन येईन.

तुमची,
जान्हवी

ता. क. : हट्ट्याच्या शेताच्या मोजणीचा तुमचा अर्ज पोचला. तो यादीत माझ्याच नावावर पडला होता. ('आता आपलंच माणूस आहे तिथं,' असं तुम्ही बाबांना म्हणालात, तेही पोचलं.) मी साहेबांना नातं सांगून तो काढून घ्यायला लावला. आता तो दिपक सरांकडे आहे. ते कोणाच्या घरचं पाणीसुद्धा घेत नाहीत.

आणखी एक : मोजणीची तारीख पडायच्या आत अर्ज मागे घेता येतो. कागद मी लिहून ठेवलाय, फक्त तुमची सही हवी. बांधापलीकडचे राधाकृष्ण काका तुमचे दीर आहेत, ते नेहमी बांध तुमच्याकडे ढकलतात, हे सगळं मी ऐकलंय. पण मी लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे असताना आतोबा दर नांगरटीला पलीकडे, काकांच्या शेतात, नांगराची एक ओळ जास्त घ्यायचे, आणि तेवढा वेळ मला बांधावर उभं करून गाणं म्हणायला लावायचे, म्हणजे काकांचं लक्ष माझ्याकडे राही. पाच वर्षं मी गायले. मागच्या महिन्यात काका वसमतच्या बसस्टँडवर भेटले. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, बेटा, गाणं सोडू नको, तुझा गळा लई गोड व्हता.